उसळ्या मारणारी मोटारबोट : कारणे व उपाय

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शेतकरी आपली औते तपासून घेतो. कुळवाची फास झिजली आहे काय, कुरीचे फण घट्ट आहेत काय, नांगराला नवी दांडी हवी काय, हे सारे तो वैशाखातच पाहून ठेवतो, कारण वापसा आल्यावर सुताराकडे हेलपाटे घालण्यास सवड नसते. कृष्णा, वारणा व कोयना यांच्या काठच्या गावांत आता आणखी एक औत आले आहे. ते म्हणजे मागे इंजिन लावलेली लहान मोटारबोट होय. पुराच्या दिवसांत माणसे हलविण्यासाठी ती लागते आणि कोयनेच्या जलाशयाकाठी तर ती बाराही महिने लागते. परंतु नांगराची जितकी निगा राखली जाते, तितकी या बोटीची राखली जात नाही.

या बोटींत वारंवार आढळणारा एक दोष असा की, वेग वाढविताच बोट उसळ्या मारू लागते. पुढचा भाग उचलला जातो, क्षणात खाली आपटतो व पुन्हा उचलला जातो. पाणी शांत असले, वारा पडलेला असला, तरी हे चालूच राहते. पुष्कळ चालक हा बोटीचा स्वभावच समजतात आणि सवयीने सोसतात. वस्तुतः हा स्वभाव नव्हे, दोष आहे. त्याची कारणे ठरलेली आहेत आणि बहुतेक वेळा एक पैसाही खर्च न करता तो दूर करता येतो.

प्रश्नाचे गांभीर्य

सातारा जिल्ह्यात कोयना धरणामुळे शिवसागर जलाशय निर्माण झाला. पाटण तालुक्यातील धरणापासून जावळी तालुक्यातील बामणोली व महाबळेश्वर तालुक्यातील तापोळा येथपर्यंत हे पाणी पसरले आहे. वासोट्याकडे जाणारे प्रवासी बामणोलीहून बोटीने जातात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पलीकडच्या काठावरील वाड्यावस्त्यांचे बाजारहाट, शाळा आणि दवाखाना हेही दीर्घकाळ बोटीवरच अवलंबून राहिले आहे. आजारी मनुष्य किंवा अवघडलेली बाई बोटीत निजवून आणावयाची असेल, तर प्रत्येक उसळी म्हणजे तिच्या शरीरास बसणारा एक धक्काच असतो.

सांगली जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे बोटीची आठवण पुरात होते. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णेने सांगली परिसराला वेढले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात, कृष्णा व येरळा यांच्या संगमावरील ब्रह्मनाळ येथे, लोकांना सुरक्षित जागी नेत असलेली बोट उलटली आणि अनेक स्त्री-पुरुष व मुले बुडून मरण पावली. बोट ही जीव वाचविणारी वस्तू आहे. परंतु ओझे, तोल व इंजिन यांपैकी एकाचेही भान सुटले, तर तीच जीवघेणी ठरते, हा धडा त्या दिवसाने कृष्णाकाठाला दिला. बोट उसळते ती तोल बिघडल्यामुळे, आणि बिघडलेला तोल माणसे भरण्यापूर्वीच दुरुस्त झाला पाहिजे.

उसळीपासून होणारी हानी

पहिली हानी अशी की, पुढे बसलेला मनुष्य बाहेर फेकला जाऊ शकतो. दुसरी अशी की, बोटीचे तोंड वर गेले म्हणजे मागे बसलेल्या चालकास समोरचे दिसत नाही. तरंगता ओंडका, विजेची तार किंवा पोहणारा मनुष्य समोर आला तरी त्याला कळत नाही. तिसरी अशी की, उसळीबरोबर पंखा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतो, त्यात हवा शिरते, इंजिन एकाएकी मोकळे होऊन किंचाळते आणि बोटीचे वळणे चालकाच्या हाती राहत नाही. चौथी अशी की, तळ वारंवार आपटल्याने सांधे सैल होतात, इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेले असते ती तडकते आणि तिचे बोल्ट ढिले होतात. पेट्रोलही अधिक जळते, ते वेगळेच.

प्रथम दोष ओळखावा

बोट हलते म्हणजे ती सदैव उसळतेच असे नाही. तीन प्रकार वेगवेगळे ओळखले पाहिजेत.

लाटांवरून जाताना बसणारे धक्के अनियमित असतात. लाट मोठी तर धक्का मोठा. दुपारनंतर वारा सुटला म्हणजे शिवसागरावर हा अनुभव येतो. येथे बोटीत दोष नाही. वेग कमी करणे हाच उपाय होय.

दुसऱ्या प्रकारात बोट पाळण्याप्रमाणे डावी-उजवीकडे झुलते. हे बहुधा अतिवेगाचे, एका बाजूस अधिक ओझे असल्याचे किंवा सुकाणू सैल असल्याचे लक्षण होय.

तिसरा प्रकार म्हणजे खरी उसळी. पाणी आरशासारखे शांत असता ठराविक वेग गाठताच तोंड वर-खाली होऊ लागते आणि त्याचा ताल घड्याळाच्या लंबकासारखा ठरलेला असतो. वेग थोडा कमी केला की ती थांबते, वाढविला की पुन्हा सुरू होते. कोकणपट्टीत ज्यास गादा म्हणतात तो डॉल्फिन पाण्यातून उसळत जातो, तशीच ही चाल असते. या लेखातील उपाय मुख्यतः या तिसऱ्या प्रकारासाठी आहेत.

बोट उसळते का ?

संथ चालणारी होडी पाणी बाजूस सारीत पुढे जाते. तिचे वजन पाणीच तोलून धरते. परंतु सपाट किंवा किंचित कोनाच्या तळाची हलकी बोट वेगाने पळू लागली म्हणजे तळावर पाण्याचा रेटा बसून ती वर उचलली जाते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरू लागते. नदीत चपटा दगड भिरकावला असता तो टप्पे घेत जातो, त्यातील तत्त्व हेच आहे. अशा वेळी तळाचा पुढचा मोठा भाग पाण्याबाहेर असतो व मागचा थोडाच भाग पाण्यावर टेकलेला असतो. सारी बोट त्या थोड्या जागेवर तोलली जाते.

हे समजण्यासाठी बैलगाडीचे उदाहरण घ्यावे. गाडीत मागे जास्त माल भरला तर ती उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला आचका बसतो. फार पुढे भरला तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान माल आखाच्या मानाने बेताने पुढे ठेवतो. बोटीचेही तसेच आहे. मागे ओझे जास्त झाले की तिचे तोंड उचलले जाते. ते एका मर्यादेपलीकडे उचलले गेले की पाण्याचा रेटा व बोटीचे वजन यांचा मेळ बसत नाही. तोंड वर जाते, आधार सुटतो, खाली येते, पुन्हा रेटा बसतो. हा क्रम आपोआप चालू राहतो. १९६४ साली अमेरिकेतील डॅनियल साव्हित्स्की यांनी वेगवान बोटींच्या गणिताची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यातही हाच मुद्दा आहे : प्रत्येक वेगाला व भाराला बोटीच्या कलाची एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की उसळी सुरू होते.

म्हणून बोटीची उलाळ मोडणे, म्हणजे मागचा भार कमी करणे किंवा मागची बाजू थोडी उचलून धरणे, हा सर्व उपायांचा गाभा होय.

उपाय पहिला : ओझे पुढे घ्यावे

चौदा फुटी बोटीचे सामान्य चित्र डोळ्यांपुढे आणावे. इंजिन मागे, चालक मागे, पेट्रोलची टाकी त्याच्या पायाशी, दोरखंड व नांगर तेथेच आणि मदतनीसही बोलायला बरे म्हणून जवळच बसलेला. पुढचा सारा भाग रिकामा असतो.

आता हिशेब करून पाहू. समजा, बोटीचे स्वतःचे वजन १२० किलो असून ते मागच्या फळीपासून साडेपाच फुटांवर केंद्रित आहे. इंजिन ५० किलो, ते फळीवरच. चालक ६५ किलो, दोन फुटांवर. मदतनीस ६५ किलो, तीन फुटांवर. भरलेली टाकी २० किलो व दोरखंड, नांगर इत्यादी २० किलो, दोन्ही एक फुटावर. एकूण वजन ३४० किलो झाले. प्रत्येक वजनास त्याच्या अंतराने गुणून बेरीज केली व तिला एकूण वजनाने भागले, तर भाराचे केंद्र मागच्या फळीपासून सुमारे ३ फुटांवर येते.

आता मदतनिसास आठ फुटांवर बसविले आणि टाकी व सामान सात फुटांवर नेले. चालक व इंजिन होते तेथेच आहेत. पुन्हा हिशेब केला तर केंद्र सुमारे ४ फूट ८ इंचांवर येते. म्हणजे काही खर्च न करता, नुसत्या मांडणीने, भार वीस इंच पुढे सरकला. चौदा फुटी बोटीच्या चालीत एवढ्याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

टाकी पुढे नेताना इंधनाची नळी पुरेशी लांब असावी, ती कोठे दुमडू नये व पायाखाली येऊ नये. टाकी पट्ट्याने जखडावी, अन्यथा ती घसरून पुन्हा मागे येते. चालक एकटाच असेल तर पुढे पाण्याचे भरलेले कॅन बांधून ठेवावेत. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो वजन. पुरात अडकलेल्यांना पिण्याचे पाणी लागतेच, आणि माणसे भरताना जागा हवी तर कॅन उतरविता येतात. हाताने वळवावयाच्या इंजिनाच्या दांड्याला जोडदांडी लावून चालकाला दोन-अडीच फूट पुढे बसता येते, हाही चांगला उपाय आहे. मात्र जोडदांडी पक्की असावी.

तळात साचलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष होऊ नये. बोटीचे तोंड उचलले की हे पाणी सारे मागे धावते आणि उलाळ वाढविते. निघण्यापूर्वी तळ कोरडा करावा. काही बोटींच्या दुहेरी तळात फोम भरलेला असतो. तो जुना झाला की पाणी शोषून घेतो व बाहेरून काहीच दिसत नाही. बोट पूर्वीपेक्षा जड वाटू लागली, उचलण्यास माणसे अधिक लागू लागली, तर हा संशय घ्यावा.

उपाय दुसरा : इंजिनाचा कल दुरुस्त करावा

१९०९ साली ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत विक्रीस आणलेल्या लहान इंजिनापासून आजपर्यंत या जातीच्या इंजिनांची ठेवण मुळात तीच आहे : वर यंत्र, मध्ये उभा दांडा, खाली पंखा, आणि हे सारे मागच्या फळीवर टांगलेले. फळीवरील कड्यात चार-पाच भोके असून त्यांतून एक आडवी पिन घातलेली असते. पिन ज्या भोकात असेल त्याप्रमाणे इंजिन फळीकडे किंवा फळीपासून दूर कलते. पंखा फळीपासून दूर असेल तर त्याचा रेटा बोटीचे तोंड वर उचलतो. पंखा फळीकडे घेतला तर रेटा मागची बाजू उचलतो व तोंड खाली येते.

म्हणून उसळणाऱ्या बोटीत प्रथम पिन एक भोक फळीकडे घ्यावी. इंजिन बंद करून, ते वर उचलून, खटक्यात नीट अडकवून मगच पिन बदलावी. पुन्हा चालवून पाहावे. आवश्यक तर आणखी एक भोक घ्यावे. विजेच्या बटणावर कल बदलणारे इंजिन असेल तर सुरुवातीस ते पूर्ण आत ठेवून, बोट पाण्यावर उचलली गेल्यानंतर थोडेथोडे बाहेर सोडावे आणि उसळीची चाहूल लागताच किंचित आत घ्यावे.

येथे अतिरेक करू नये. इंजिन फार आत घेतले तर बोट नाक खुपसून चालते, सुकाणू जड होते, आणि वळणावर मागची बाजू एकाएकी फिरून बोट आडवी होण्याचा धोका संभवतो. हा दोष उसळीपेक्षाही वाईट आहे. तोंड किंचित वर व चाल स्थिर, हे योग्य कलाचे लक्षण होय.

पिन शेवटच्या भोकात घेऊनही उसळी थांबत नसेल, तर मागची फळीच फार उभी बसविलेली असण्याचा संभव आहे. अशा वेळी इंजिनाची पकड व फळी यांच्यामध्ये कठीण लाकडाची किंवा अॅल्युमिनियमची पाचर बसवितात. पाचरीचा जाड भाग वर व निमुळता भाग खाली असावा, म्हणजे पंखा फळीकडे येतो. उलटी बसविली तर दोष दुणावेल. पाचर बसविल्यावर बोल्ट लांब लागतात. जुनेच आखूड बोल्ट वापरण्याचा मोह धरू नये.

उपाय तिसरा : इंजिनाची उंची पाहावी

पंख्याच्या लगेच वर एक आडवी चपटी पट्टी असते. कारागीर तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. बोट जमिनीवर ठेवून, इंजिन चालविण्याच्या स्थितीत उभे करून, तळाच्या रेषेत एक सरळ पट्टी मागे धरावी. कॅव्हिटेशन प्लेट या रेषेत, किंवा फार तर एक इंच वर असावी. ती बरीच खाली असेल तर इंजिनाचा पाय पाण्यात ओढ देतो, मागे पाण्याचे फवारे उडतात व चाल बिघडते. ती फार वर असेल तर पंख्यात हवा शिरते.

यातील चूक बहुधा खरेदीच्या वेळीच झालेली असते. इंजिने आखूड दांड्याची व लांब दांड्याची अशी दोन्ही मिळतात. आखूड म्हणजे सुमारे १५ इंच व लांब म्हणजे सुमारे २० इंच उंचीच्या फळीसाठी. ग्रामपंचायतीने बोट एकीकडून व इंजिन दुसरीकडून घेतले असेल, तर फळीची उंची मोजूनच इंजिन मागवावे. तसेच बोटीवरील पाटीत जास्तीत जास्त किती अश्वशक्तीचे व किती वजनाचे इंजिन चालेल हे दिलेले असते, त्यापलीकडे जाऊ नये. टू-स्ट्रोक इंजिन बदलून त्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक इंजिन लावले, तर ते बहुधा अधिक जड असते. पूर्वी न उसळणारी बोट त्यानंतर उसळू लागली, तर नवल नाही. अशा वेळी पुढच्या ओझ्याची मांडणी पुन्हा करावी लागते.

उपाय चौथा : तळ सरळ आहे काय ?

वरील उपायांनी गुण आला नाही तर बोट उलटी करून तळ तपासावा. गवंडी गिलावा सारखा करताना वापरतो ती लांब सरळ पट्टी घ्यावी व बोटीच्या मागच्या पाच-सहा फुटांच्या तळावर लांबीच्या दिशेने उभी धरावी. डावीकडे, मध्ये व उजवीकडे अशी तीन ठिकाणी पाहणी करावी. पट्टी सर्वत्र टेकली तर तळ ठीक आहे. मध्ये टेकून मागच्या टोकास फट पडत असेल, तर तळास पोट आले आहे. हे पोट उसळीचे एक खात्रीचे कारण असते. एका सुताची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची फटदेखील वेगात जाणवते. उलट, टोके टेकून मध्ये पोकळी दिसत असेल, तर बोटीचे तोंड खाली दबते.

हे बाक बहुधा चुकीच्या ठेवणीतून येतात. पाऊस संपला की बोट दोन टोकांना दोन ठोकळे देऊन ग्रामपंचायतीमागे टाकली जाते. मधला भाग महिनोन्‌महिने लोंबकळतो व त्यास पोट येते. किंवा मागची बाजू आधाराबाहेर सोडून इंजिन तसेच लटकत ठेवले जाते व मागचा काठ खाली झुकतो. बोट ठेवताना इंजिन काढून निराळ्या घोडीवर उभे ठेवावे, तळास तीन-चार ठिकाणी सारखा आधार द्यावा, मागच्या फळीखाली आधार असावाच, आणि वर छप्पर असावे. तळाचा बाक मोठा असेल तर फायबरचे काम जाणणाऱ्या कारागिराकडूनच दुरुस्त करून घ्यावा.

उपाय पाचवा : पंखा व मागचे पंख

पंख्याचे पाते वाकले असेल तर उसळीपेक्षा थरथर अधिक जाणवते. तरीही पंखा तपासावाच. नदीच्या तळाशी घासून त्याच्या कडा झिजलेल्या असतात. उसाचे पाचट, नायलॉनची दोरी किंवा प्लॅस्टिकची पिशवी दांड्याभोवती गुंडाळलेली असते. इंजिन-विक्रेत्याच्या सल्ल्याने चार पात्यांचा पंखा लावल्यास मागची बाजू थोडी उचलली जाते व काही बोटींत उसळी कमी होते.

मागच्या फळीच्या खालच्या काठास दोन्ही बाजूंना लहान धातूच्या झडपा बसवितात. त्या पाण्याला थोडे खाली दाबतात व मागची बाजू उचलून धरतात. दोन्ही झडपा सारख्या मापाच्या व सारख्या कलाच्या असाव्यात, अन्यथा बोट एका अंगास झुकते. कॅव्हिटेशन प्लेटवर बसविण्याचे पंखही मिळतात. त्यांनीही गुण येतो, पण प्लेटला भोके पाडावी लागत असल्याने हा उपाय शेवटचा समजावा. ओझ्याची मांडणी चुकीची ठेवून पंख बसविणे म्हणजे उलाळ गाडीच्या जुवाला दगड बांधण्यासारखे आहे.

हवा भरावयाच्या बोटींसाठी विशेष सूचना

पूरग्रस्त गावांत रबरी, हवा भरावयाच्या बोटी पुष्कळ वापरल्या जातात. त्यांच्या उसळीचे मोठे कारण म्हणजे अपुरी हवा. हवा कमी असली की बोट मध्ये मोडल्यासारखी लवते आणि वेगात तिचा तळ झोळीप्रमाणे वर-खाली होतो. येथे इंजिनाचा कल बदलून काही साधत नाही.

हवेचा दाब उत्पादकाने दिलेल्या आकड्याप्रमाणे मापकाने मोजून भरावा. अंगठ्याने दाबून अंदाज करू नये. बाजूच्या नळ्या, तळाचा कणा व हवेचा तळ यांचे आकडे निरनिराळे असतात. घरात किंवा उन्हात भरलेली बोट थंड पाण्यात उतरविली की आतील हवा आकसते व दाब उतरतो. म्हणून पाण्यात सोडल्यावर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजून कमी पडलेली हवा भरावी. उलट, बोट कडक उन्हात काठावर ओढून ठेवावयाची असेल तर थोडी हवा सोडावी. लाकडी फळ्यांचा तळ असेल तर प्रत्येक फळी खाचेत बसली आहे याची खात्री करावी.

चाचणी कशी घ्यावी

चाचणी वैशाखात, पाणी संथ असता घ्यावी. नदीवरील बंधाऱ्याच्या मागे साचलेले पाणी सोयीचे असते, मात्र बंधाऱ्याच्या भिंतीपासून पुष्कळ दूर राहावे. चालक व मदतनीस या दोघांनीच जावे. दोघांनीही जीवरक्षक जाकीट घालावे. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालकाने मनगटास किंवा जाकिटास अडकवावीच. तो पडला तर दोरी सुटून इंजिन बंद होते. अन्यथा मोकळी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. काठावर दोर व हवा भरलेली ट्यूब घेऊन दोन पोहणारे उभे असावेत.

एका वेळी एकच बदल करावा, हा चाचणीचा मुख्य नियम होय. ओझेही हलविले, पिनही बदलली व पाचरही ठोकली, तर गुण कशाने आला हे कळत नाही. प्रत्येक फेरीस वहीत लिहावे : बोटीत किती माणसे, कोण कोठे बसला, टाकी कोठे व किती भरलेली, पिन कोणत्या भोकात, कोणत्या वेगास उसळी सुरू झाली. उसळी सुरू होताच वेग उतरवावा. ती दाबून टाकण्यासाठी वेग वाढवू नये. योग्य मांडणी सापडली की टाकी, सामान व मदतनीस यांच्या जागा बोटीच्या आतल्या अंगास रंगाने आखून ठेवाव्यात. मध्यरात्री, पावसात, नवखा माणूस बोट काढील तेव्हा त्या खुणाच त्यास मार्ग दाखवतील.

पुरातील मर्यादा

उसळी गेली म्हणजे पुरात बोट पळवावी असा अर्थ मुळीच नाही. गावात शिरलेल्या पाण्याखाली कुंपणे, विहिरींचे कठडे, विजेच्या तारा, उभा ऊस व झाडांच्या फांद्या असतात. तेथे बोट संथच चालविली पाहिजे. वेगाने उठलेल्या लाटा भिजून फुगलेल्या मातीच्या भिंतींवर आदळतात आणि ज्या घराच्या माळ्यावर माणसे बसलेली असतात तेच घर खचू शकते. वेगाचा उपयोग मोकळ्या पाण्यावर, दूरच्या वस्तीकडे जाताना व प्रवाह ओलांडताना करावयाचा.

माणसे भरताना पाटीवरील संख्येबरोबरच किलोचा आकडाही पाहावा. भिजलेले कपडे, गाठोडी व धान्याची पोती यांचे वजन त्यात धरावे. आधी माणसे, सामान मागाहून. चढताना सर्वांनी एकाच काठावर गर्दी करू नये. एकेकाने मध्ये पाय ठेवून खाली बसावे. पूर्ण भरलेली बोट पाण्यावर उचलली जात नाही. तिला तसे करण्यासाठी इंजिनाची मूठ पूर्ण पिळणे म्हणजे मागच्या काठावरून पाणी आत घेण्याचे निमंत्रण होय. माणसे उरली तर दुसरी फेरी करावी. दुसऱ्या फेरीस वेळ लागतो, पण ती परत येते.

इंजिनाच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार सतत पडत असते. ती थांबली तर पाचट किंवा गाळ अडकला असे समजून इंजिन ताबडतोब बंद करावे. अशा वेळी उपयोगी पडावे म्हणून प्रत्येक बोटीत दोन वल्ही, नांगर, दोर, पाणी उपसण्याचे भांडे व विळा असलाच पाहिजे. प्रवाहात इंजिन बंद पडलेल्या बोटीला वल्हे नसेल तर ती नदीच्या हवाली झाली असे समजावे.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

प्रत्येक नदीकाठच्या गावी ग्रामकार्यकर्त्यांनी मे महिन्यात एक दिवस बोटीसाठी राखून ठेवावा. कृष्णाकाठी होड्यांच्या शर्यतींची परंपरा आहे. वल्हे मारणारे व पाण्याची नस ओळखणारे तरुण गावोगाव आहेत. त्यांतून चार-पाच जणांना चाचणीत सामील करून घ्यावे, म्हणजे एकाच चालकावर सारे गाव अवलंबून राहणार नाही. वही ग्रामपंचायतीत ठेवावी आणि दरवर्षीच्या चाचणीची नोंद तीत करावी.

बोट उसळली म्हणजे ती काहीतरी सांगत असते : ओझे मागे आहे, इंजिन दूर कलले आहे, तळ वाकला आहे किंवा हवा कमी आहे. हे सांगणे वैशाखातल्या संथ पाण्यात ऐकून घेतले, तर श्रावणातल्या पुरात तिच्यात बसलेली म्हातारी माणसे व लेकरे सुखरूप काठाला लागतील.